कोरी जागा

निजामाविरुद्ध लढणाऱ्या गावच्या भुजंगचं प्रेत दिनकररावांच्या रानात सापडलं, तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. शेजारी एकच खड्डा. त्यात पुरलेल्या तीन बंदुका पोलीस घेऊन गेले होते. त्या न्यायला पहाटे आलेल्या भुजंगला तिथंच गोळी घातली होती.

झरी गावच्या चावडीपुढे कडूलिंबाला बिरू धनगर बांधलेला होता. ओठ फुटलेले.

"पानी..."

"खबऱ्याला पानी? निजामाकडं माग!" गर्दीतून कुणी ओरडलं.

निजामाच्या राज्यात त्या उन्हाळ्यात 'खबऱ्या' हा शब्द दरोडेखोरापेक्षा वाईट होता. ज्याला तो लागला, त्याला कुणी विस्तव देत नव्हतं. पलीकडच्या गावात असाच एकजण विहिरीत सापडला होता. बिरूला सांजेपर्यंतची मुदत होती, मग त्याचीही तीच गत.

कस्तुराबाई सहा महिन्यांचं लेकरू काखेत घेऊन गर्दीत शिरली. तिचा नवरा लिंबाजी मास्तर सरहद्दीवर लढणाऱ्यांच्या छावणीत होता. उद्या तो दिनकररावांच्या याच रानातून येणार होता. त्याच्या लपायची सोयही त्यांनीच केली होती. बिरू मेला आणि खबऱ्या दुसराच निघाला, तर?

येताना तिनं रान पाहिलं होतं. खतासाठी बसवलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांनी ते काळं झालं होतं. फक्त खड्ड्याभोवती बाजेएवढी जागा कोरी होती.

"बाईमाणूस चावडीत कशाला?" दिनकरराव ओट्यावरून म्हणाले. शेजारी त्यांचा मुलगा बन्सीधर मान खाली घालून बसला होता. परवाच तो परभणीच्या तुरुंगातून सुटून आला होता. डोक्याचा गोटा अजून तसाच.

"दोन सवाल विचारते, मामा." ती बिरूकडे वळली. "मेंढ्या कधी बसवल्यास?"

"काल सांजंला, बाई. मालकानं सांगावा धाडला."

"मीच धाडला," दिनकरराव म्हणाले. "बंदुका पुरताना पावलं उमटली होती. मेंढ्यांनी मोडतील म्हणून."

"बंदुका कुठं होत्या, कुणाला ठाऊक?"

"मला आन् भुजंगला. ह्यो बिरू रातभर रानात होता. ह्यानंच हुंगलं."

"बिरू, मधली जागा का सोडलीस?"

"मी कशाला सोडू? मालक सोता आले. चार काठ्या रवल्या. म्हनले, एवढ्यात मेंढरू बसू देऊ नको. मला वाटलं, काय देवाचं आसंल."

गर्दी ओट्याकडे वळली.

"वजनानं माती खचंल म्हणून सोडली," दिनकरराव म्हणाले.

"मग आधी पावलं मोडायला कळप का घातलात?" कस्तुराबाई ओट्याजवळ सरकली. "पावलं तर त्या जागेवरच जास्त. तेवढीच तुम्ही राखली. मेंढ्या बसवायला आपण धान्य देतो, एक वाफा सुटला तरी धनगराशी भांडतो. खतावाचून जागा कोण सोडतं? पोलिसांनी कुठं उकरून पाहिलं नाही. एकच खड्डा, नेमका तिथं. बिरूला ठाऊक असतं, तर अंधारात पोलिसांना हात धरून त्यानं नेलं असतं. खूण लागते ती ज्याला पोलिसांसोबत दिसायचं नाही त्याला."

"आन् मी कशापायी सांगीन?"

कस्तुराबाईनं बन्सीधरकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

दिनकररावांच्या ओठांवरची मिशी हलली. "फौजदार म्हनला, आधी पोरगा सोडतो. खूण न्हाई दिली तर पुन्हा धरतो, मंग मुडदाच धाडतो. बंदुकाच जातील वाटलं. भुजंग आज येईल, हे मला ठावं नव्हतं." मग ते तिच्याकडे वळले. "मास्तरीणबाई, काखेतलं लेकरू आत असतं, तर तुमी काय केलं असतं?"

तिनं लेकराला घट्ट धरलं, इतकं की ते रडायला लागलं.

"ठाऊक नाही," ती शेवटी म्हणाली. "पण दुसऱ्याचं लेकरू लिंबाला बांधलं नसतं."

सकाळी धनगराला तो शब्द लागायला घटकाही लागली नव्हती. आता ओट्यावर मालक बसला होता, आणि इतक्या माणसांत एकाचीही जीभ उचलेना.

बन्सीधर उठला. बिरूचे दोर सोडले, रांजणातलं पाणी त्याच्या ओठांशी धरलं. मग बापाकडे न बघता तो शब्द त्यानं उच्चारला, आणि भुजंगच्या घराकडे चालू लागला.