एकाआड एक फ्रेम

तपासल्याशिवाय कुठलीही गोष्ट पुढे सरकवणं केदारला जमतच नसे. कुकटपल्लीच्या एका औषध कंपनीत गोळ्यांचा माल पास करायचं त्याचं काम, आणि ती खोड घरीही आलेली. दुधाचा वास घेणार, विजेचं बिल दोनदा वाचणार. बायकोला, शिल्पाला, आधी त्याचं हसू यायचं. दहा वर्षांत हसू आटलं आणि खोड तेवढी राहिली.

त्या रविवारी विषय होता लग्नाच्या व्हिडिओचा. संध्याकाळी नारायणगुड्यातल्या एका हॉलमध्ये त्यांच्या लग्नाचा दहावा वाढदिवस होता आणि तिथल्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा होता. हॉलवाल्याने बजावलं होतं, आमच्या मशीनला सेकंदाला पंचवीस फ्रेमचीच फाइल चालते, जास्तीची दिलीत तर मधेच अडकते. व्हिडिओवाल्याने जुनं रेकॉर्डिंग शोधून सगळ्यांना लिंक पाठवली होती, तिच्यावर दोन पर्याय होते, नॉर्मल आणि ओरिजनल. सगळ्या नातेवाइकांनी मुकाट्याने नॉर्मल उतरवून घेतला. केदार कसला ऐकतोय. त्याने ओरिजनल घेतला.

"अहो, सरळ कन्व्हर्ट करून टाका ना," शिल्पा स्वयंपाकघरातून म्हणाली. "कोण बघणार आहे एवढं निरखून?"

"आधी काय हातात आलंय ते तर बघू दे."

फाइलची माहिती त्याने उघडली. चित्र स्वच्छ, आवाज ठीक. फ्रेम रेट पन्नास. म्हणजे एका सेकंदात पन्नास चित्रं. हॉलला पंचवीस हवीत, तेव्हा एकाआड एक गाळायचं. सोपं काम होतं. तरी गाळायच्या आधी चित्रं फुटकी नाहीत ना हे बघावं, म्हणून मंगळसूत्राच्या क्षणावर त्याने व्हिडिओ थांबवला आणि बाणाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवायला लागला.

पहिल्या फ्रेममध्ये मुंडावळ्या बांधलेला तो स्वतः होता, हात शिल्पाच्या गळ्यामागे, कपाळावर घाम.

पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागी हेमंत होता.

केदारने बटण पुन्हा दाबलं. केदार. पुन्हा दाबलं. हेमंत.

हेमंत म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त. अफझलगंजला त्याच्या घरचं सुक्या मेव्याचं दुकान. शिल्पा त्याच्या कॉलेजातली, हे स्थळ त्यानेच आणलेलं. लग्नात तो केदारच्या पाठीमागे टॉवेल घेऊन उभा होता, अख्खा मांडव साक्षीला होता. इथे मात्र एक सोडून एका फ्रेममध्ये मुंडावळ्या हेमंतच्या कपाळावर होत्या आणि टॉवेल घेऊन मागे उभा होता केदार.

कुणीतरी चावटपणा केलाय, असं त्याला आधी वाटलं. हल्ली चेहरे काय, कुणीही बदलतं. पण तो पडला तपासणारा माणूस. होमाचा धूर त्याने बघितला. केदारच्या फ्रेममधून हेमंतच्या फ्रेममध्ये धुराची तीच वळी तेवढीच वर सरकत होती. मागे बसलेल्या मावशींची जांभई हळूहळू पूर्ण होत होती. गुरुजींच्या हातातल्या अक्षता पडता पडता खाली पोचत होत्या. सगळं जग अखंड चाललं होतं. बदलत होता तो फक्त नवरा.

आणि शिल्पा. केदारच्या प्रत्येक फ्रेममध्ये तिची नजर खाली होती. हेमंतच्या प्रत्येक फ्रेममध्ये ती वर बघून हसत होती. सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात कुणाच्या पापण्या खालीवर होत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. असं हसताना त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्याने हेमंतला फोन लावला.

"लग्नाचा व्हिडिओ बघतोय."

"हौ, मी पण बघितला. मस्त आहे."

"मी ओरिजनल उतरवलाय."

पलीकडचा रस्त्याचा आवाज कमी झाला, हेमंत कडेला झाला असावा.

"क्या यार," हेमंत हळूच म्हणाला, "ओरिजनल कायकू घेतला? सगळ्यांनी नॉर्मल घेतला ना." आणि फोन ठेवून दिला.

मग केदारने आईला फोन केला. भामाताई नारायणगुड्यात एकट्या राहत. लेकाच्या पोटात काय चाललंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. त्याने नुसतं विचारलं, "आई, माझ्या लग्नात सगळं नीट झालं होतं ना?"

"नीटच झालं. दिसतं तेवढं बघावं रे बाबा. मधलं कशाला बघत बसायचं? आम्ही कुणी बघितलं का?"

त्याने फोन ठेवला. हेमंतचं एक वेळ समजू शकलं असतं, पण आईने सुद्धा? सगळ्यांना ठाऊक होतं आणि दहा वर्षं सगळे काहीच नसल्यासारखे त्याच्या ताटात जिलबी वाढत होते. त्याला रडूही येत होतं आणि संतापही.

पण फाइल अजून त्याच्या हातात होती. गाळायचं कुणाला, ते तोच ठरवणार होता. एकाआड एक फ्रेम टाकून द्यायची, तर हेमंतच्या सगळ्या टाकायच्या. मग पडद्यावर नवरा एकच राहणार होता. त्याने पहिली फ्रेम पुन्हा तपासली. तोच होता. दुसरी टाकायची, चौथी टाकायची, अशी खूण त्याने केली.

शिल्पा दारात येऊन उभी होती.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "मी मघाशीच करून हॉलवर पाठवला. लिंक माझ्याही फोनवर आली होती."

"कुठल्या ठेवल्यास?"

कुठल्या म्हणजे काय, असं तिने विचारलं नाही.

"ठेवायच्या त्या ठेवल्या," ती पदराला हात पुसत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खूप दिवसांचं एक काम उरकल्यासारखा तो मोकळा होता.

केदारने वळून फाइलची माहिती पुन्हा उघडली. चित्र स्वच्छ. आवाज ठीक. फ्रेम रेट पंचवीस.

त्याने बटण दाबलं. हेमंत.

पुन्हा दाबलं. हेमंत.

तो दाबत राहिला. मागे टॉवेल घेतलेला केदार दोस्ताच्या लग्नात मनापासून हसत होता.

बाहेर कुलपात किल्ली फिरली. हेमंत भाजीची पिशवी घेऊन आत आला.

"अहो, कोथिंबीर आणलीत का?" शिल्पाने विचारलं.

केदारने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"आणली," हेमंत म्हणाला. मग त्याने केदारच्या खांद्यावर हात ठेवला. "तू कधी आलास?"

"भावजी, जेवूनच जा आता," शिल्पा म्हणाली. "संध्याकाळी पडद्याचं तेवढं तुम्हीच बघा. यांना त्यातलं काही कळत नाही."

केदारला ओरडायचं होतं. हे माझं घर आहे, असं म्हणायचं होतं.

"नको, वहिनी," तो म्हणाला. शब्द कुठे अडखळला नाही. "आई वाट बघत असेल."

चपला त्याने घरातल्या मांडणीवर शोधल्या. त्या दाराबाहेर होत्या, पाहुण्यांच्या असतात तशा.