चौसष्ट किलो

गाडी बसते, एवढीच तक्रार होती.

सोमवारी सकाळी एका पोरीने चावी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "काका, नुसती उभी असते ना, तरी खाली बसते. दोन गॅरेजवाले म्हणाले, हवेचे फुगे काढून टाका आणि लोखंडी स्प्रिंगा बसवा."

"दुखणं रेड्याला, डाग पखालीला," मी म्हणालो. "आधी हवा कुठून जातेय ते तरी बघू."

गाडी वीस वर्षं जुनी, उंच, फोर-व्हील ड्राइव्ह. तिला स्प्रिंगांच्या जागी रबराचे चार फुगे असतात. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, विजेवर उघडणाऱ्या झडपा ती सोडतात. एक बटण दाबलं की चढायला सोपं जावं म्हणून गाडी चार बोटं खाली येते. ही मात्र बटण न दाबताच खाली येत होती. घाटातल्या वळणावर अशी बसली तर टायर वर घासून फाटणार.

आणि गुरुवारी तिला घाटापलीकडे जायचंच होतं. पोरीच्या आईचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याची नजर वाचवायची तर शुक्रवारी सकाळी पलीकडच्या शहरात ऑपरेशन. त्या बाई नवरा गेल्यापासून सात महिने उंबरठ्याबाहेर पडल्या नव्हत्या. जाईन तर त्यांच्याच गाडीतून, नाहीतर नाही, असा त्यांचा हट्ट.

"आणि गाडी झाली नाही तर?" मी विचारलं.

"तर ती आंधळी होईल," पोरगी म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

माझी जीभ तिखट आहे, हे गिऱ्हाइकं सांगतीलच. पण मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. साबणाचं पाणी फवारलं, तर पुढच्या दोन्ही फुग्यांवर बुडबुडे. ते बदलले. झडपांच्या ठोकळ्यातल्या रबरी कड्या विटलेल्या, त्याही बदलल्या. मंगळवारी अकरा वाजता चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावली आणि चार आकडे खडूने पुढच्या काचेवर लिहिले. तीन वाजता पुन्हा मोजलं. एका मिलिमीटरचाही फरक नाही. मी स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

चार वाजून दहा मिनिटांनी गाडीखालून फुस्स असा लांब आवाज आला आणि ती बसली.

गळती असती तर एक कोपरा आधी गेला असता, गाडी लंगडी झाली असती. ही चारही बाजूंनी सारखीच बसली, सावकाश, म्हातारं माणूस बघून आपण वाकतो तशी. मिनिटभर थांबली आणि आपली आपण वर आली. चावी माझ्या खिशात होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तसाच गार झाला.

बुधवारी मी बॅटरीच काढून बाकावर ठेवली. वीज नाही तर झडप उघडत नाही, आणि झडप उघडली नाही तर हवा जागची हलत नाही. यात मतभेदाला जागा नाही. चारही फुग्यांच्या नळ्यांना दाब मोजणारे चार गेज जोडले, काटे कुठे आहेत तिथे खुणा केल्या आणि चारच्या सुमाराला स्टूल घेऊन समोर बसलो. पत्रा तापला होता. नव्या रबराचा वास होता. कामगार उकाड्याने सुस्तावले होते, एकाचाही आवाज नव्हता.

फुस्स.

चारही काटे एकदम उतरले. गाडी बसली. मिनिटभराने वर आली, आणि काटे आपापल्या खुणांवर परत आले. तीनच.

पुढच्या उजव्या फुग्याचा काटा खुणेच्या वर गेला आणि तिथेच थांबला.

हे फार साधं आहे. फुग्यावर वजन आलं की दाब वाढतो. चालकाच्या जागी कुणीतरी बसलं होतं. दार उघडलेलं नव्हतं. काचेतून मला रिकामी सीट स्वच्छ दिसत होती.

मी स्टुलावरून उठलो नाही. खरं सांगायचं तर उठवलं नाही. भीती वाटली.

पाचला काटा खाली आला. मग मी मला जमतं तेच केलं. त्या सीटवर वाळूची पोती ठेवत गेलो, वर सुटी वजनं टाकली, आणि काटा बरोबर मघाच्या जागी आल्यावर थांबलो. चौसष्ट किलो.

पोरीला फोन लावला. "वडिलांचं वजन किती होतं गं?"

"शेवटी सत्तेचाळीस. पार वाळले होते. का, काका?"

"आजारपणाआधी?"

"चौसष्ट असेल." तिने विचारलं, "गाडीचं काय झालं?"

"गाडी ठणठणीत आहे. चार वाजून दहा मिनिटांनी तुमच्याकडे काय असायचं?"

"आईची शाळा चारला सुटायची. गुडघ्यांमुळे फाटकापर्यंत यायला तिला दहा मिनिटं लागायची. बाबा गाडी खाली बसवून थांबायचे."

गुरुवारी बॅटरी परत बसवली आणि चारला गाडी मीच त्यांच्या दारात नेली. गेज काढले नव्हते. नळ्या खिडकीतून आत घेऊन चारही गेज डॅशबोर्डवर मांडले होते. इंजिन बंद केलं, चावी हातात धरून खाली उतरलो.

बाई चौकट धरून उभ्या होत्या. "खाली बसवलीत का, दादा?"

"नाही अजून," मी म्हणालो.

फुस्स.

बाईंचा चेहरा उजळला. "आले," त्या म्हणाल्या, आणि सात महिन्यांनी उंबरठा ओलांडून, कुणाचा हात न धरता, डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या.

पुढचा उजवा काटा वर होता.

पोरगी वळसा घालून चालकाच्या दाराकडे गेली. "थांब!" मी ओरडलो. ती कडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

काटा सावकाश खाली उतरला. मागचा उजवा काटा तेवढाच वर चढला.

वडिलांनी मुलीला जागा करून दिली होती.

"बस," मी म्हणालो. गेज सोडवले, चावी तिच्या हातात दिली. गाडी घाटात बसणार नाही, याची मला आता एका गेजाशिवायही खात्री होती.

ऑपरेशन छान झालं. पुढच्या आठवड्यात दोघी पेढे घेऊन गॅरेजवर आल्या. बाईंनी काळा चष्मा काढून मला डोळे भरून बघितलं. "असे दिसता होय तुम्ही! मला वाटलं, एवढं करवादतात म्हणजे मिशा असतील." मी हसलो. पोरगीही हसली. फोनवर वजन का विचारलं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तिलाही नाही.

मग बाईंनी वळून गाडीच्या मागच्या सीटकडे बघितलं. बराच वेळ, अगदी समाधानाने.

"यांचं अंग पुन्हा भरलंय, नाही का हो दादा?"

पोरीचं हसू थांबलं. ती माझ्याकडे बघू लागली.

"हो," मी म्हणालो. "चौसष्ट."