साडेआठच्या ताटाचा फोटो

"माझ्यावर आळ आलाय," नीरजा म्हणाली. "तो खोटा आहे, पण मला ते सिद्ध करता येत नाही."

मंदाकिनी प्रधान यांनी समोरची फाइल मिटली. नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्या बावीस वर्षं लग्नाआधीच्या चौकशा करत होत्या. मुलाचं खरं वय, मुलीचं खरं शिक्षण, सासूचा खरा स्वभाव. बाजूच्या खुर्चीत त्यांचे पती मधुकरराव बसले होते. कोलशेतच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून ते ऑफिसात येऊ लागले. चौकशीत त्यांचा उपयोग बेताचाच होता. पण ते आले नाहीत, तर मंदाकिनीबाईंचं कामात लक्ष लागत नसे.

"पहिल्यापासून सांगा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

नीरजाचं डोंबिवली पूर्वेला पार्लर होतं. ती नवऱ्या मुलींचा मेकअप करायची. आहारशास्त्र शिकलेली असल्यामुळे लग्नाआधी त्यांना खाण्यापिण्याचं पथ्यही सांगायची.

"वासंती माझी मैत्रीण. गेल्या वर्षी गेली. शेवटी हात धरून म्हणाली, प्राचीच्या लग्नात तिचे डोळे तूच कर."

"डोळेच का?" मधुकररावांनी विचारलं.

"प्राचीचे डोळे आईचे आहेत. वरची पापणी जड, जरा झुकलेली. त्यावर जाड आयलायनर ओढलं की पापणी नाहीशी होते. मुलगी झोपेतून उठवून आणल्यासारखी दिसते. तिला पापणीच्या घडीच्या थोडा वर तपकिरी रंग लावायचा, चकाकी नसलेला. काजळ फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, बारीक. खालची कड मोकळी. वासंतीला मी वीस वर्षं तसंच करून दिलं."

"मग अडचण काय आली?"

"प्राचीच्या हनुवटीवर फोड यायचे. दहा आठवड्यांपूर्वी मी तिचं दूध, साखर आणि तळण बंद केलं. दुधाचा त्रास सगळ्यांनाच होतो असं नाही. हिला होतो, ते मी दोनदा बंद-चालू करून पाहिलंय. दुपारचा डबा ऑफिसात. रात्री साडेआठला ताटाचा फोटो मला पाठवायचा. सहा आठवड्यांत चेहरा स्वच्छ झाला. आणि गेले चार आठवडे पुन्हा फोड, आधीपेक्षा जास्त."

"पथ्य मोडलं असेल."

"फोटो एकही चुकलेला नाही हो! तिच्या मावशीनं सोसायटीच्या महिलांच्या ग्रुपवर लिहिलं, नीरजाच्या पथ्यानं मुलीचा चेहरा बिघडला. आता ठाण्याची दुसरी मेकअपवाली बघितलीय. तिचे फोटो मी पाहिले. सगळ्या मुलींचे डोळे एकाच साच्यातले, काळेकुट्ट." नीरजानं पर्समधून फोन काढला. "लग्न वीस दिवसांवर आलंय. बदनामीचं मी बघून घेईन. पण वासंतीला दिलेला शब्द मोडायला नको."

तिनं फोन पुढे केला. मंदाकिनीबाई एकेक फोटो सरकवत गेल्या आणि मग फोन पतीकडे दिला.

"अहो, काय दिसतं?"

"भाकरी, मेथी, मुगाचं वरण, काकडीची कोशिंबीर. सगळी ताटं सारखी. मला कुणी रोज असं वाढलं तर मी उपोषणाला बसेन."

"कोशिंबीर कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या."

"आणि पहिल्या महिन्यातल्या फोटोंत?"

"डाव्या." त्यांनी चष्मा वर केला. "मंदा, कोशिंबीर ती कोशिंबीर. पोटात गेल्यावर कसली डावी आणि कसली उजवी?"

"ही बाजू कधी बदलली, तेवढी तारीख बघा."

"गेल्या महिन्याची नऊ."

रविवारी तिघं डोंबिवलीला प्राचीच्या घरी गेली. दार प्राचीचे वडील महिपतराव यांनी उघडलं. साठीचे, अबोल गृहस्थ. वासंतीची धाकटी बहीण शालन कळव्याहून आलेली होती. नीरजाला पाहताच तिनं तोंड फिरवलं.

महिपतरावांनी उपम्याच्या बशा आणून ठेवल्या. प्रत्येक बशीत लिंबाची फोड डावीकडे.

"वा, अगदी शिस्तीत!" मधुकरराव म्हणाले.

"ताईची शिस्त ती," शालन म्हणाली. "लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. चुकलं तर ताट परत आत न्यायची. भाऊजींना आणि दोन्ही मुलांना तेच वळण लावलंय."

"तुम्ही प्राचीसाठी काही खाऊ आणता का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"आणला होता एकदा. डिंकाचे लाडू. पोरगी पथ्यानं काटकी झाली, बघवेना. तर हिनं डबा तसाच परत दिला. म्हणाली, मावशी, लग्नानंतर. मग सांगा, माझा काय दोष?"

"तुमचा दोष कुणी काढला?"

"तुम्ही चौकशीवाल्या. उद्या काढाल." शालननं पदर सारखा केला. "मला एवढंच कळतं की या घरात आता कुठे जरा बरं चाललं होतं. ताई गेल्यावर भाऊजी आठ महिने भिंतीकडे बघत बसायचे. फोन केला तर हं आणि नाही. आता महिनाभर संध्याकाळी फोन केला की म्हणतात, शालन, नंतर बोलू, कामात आहे. मला इतकं बरं वाटतं! आणि त्यातच हे पोरीचं."

प्राचीचा भाऊ बंटी आतल्या खोलीत डंबेल्स घेऊन बसला होता. कपाटावर प्रोटीन पावडरचा मोठा डबा होता.

"काकू, आधीच सांगतो, तो डबा माझा आहे," तो म्हणाला. "तिला हातपण लावू देत नाही मी."

"दुधातून घेतोस?"

"छे! दूध मला पचतच नाही. पाण्यातूनच घेतो. आणि जेवण माझं जिमनंतर, बाहेरच. साडेआठला मी कधी घरी नसतोच. ताई आणि बाबा दोघंच असतात."

बाहेर येताच मधुकरराव पत्नीच्या कानाशी लागले. "मंदा, सापडला. यानं पावडर भाकरीच्या पिठात मिसळली. भावंडांची मस्करी."

"एवढी महाग पावडर तो बहिणीला फुकट घालेल? अहो, तुम्हाला भाऊ आहे ना?"

मधुकररावांनी विचार केला. "नाही घालणार," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात महिपतरावांनी चहा टाकला होता.

"कोरा चालेल ना? आमच्याकडे कोराच असतो. मला साखर बंद, प्राचीला दूध बंद."

खिडकीतल्या दोरीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिमट्यांनी वाळत घातल्या होत्या. घरी पिशव्या धुण्याचं काम मधुकररावांकडे असल्यामुळे त्यांनी आपोआप मोजल्या. चार.

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर दर रविवारी पेनानं एक आकडा लिहिलेला.

"उपाशीपोटीची शुगर," महिपतराव म्हणाले. "वासंती लिहायची. मी पुढे चालू ठेवलं."

मंदाकिनीबाईंनी मागची पानं उलटून पाहिली. १८१, १७८, १८४. मग नऊ तारखेभोवती गोल. त्यानंतर १६२, १४९, १३८, १३१.

"छान उतरलीय. गोळी बदलली का?"

"नाही. तीच."

"मग चालत असाल," मधुकरराव म्हणाले. "चालण्यासारखं औषध नाही."

"गुडघ्यांमुळे चालणं बंदच आहे." महिपतरावांनी चहा गाळला. त्यांच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता.

प्राची गॅलरीत एकटी उभी होती. गालावर, हनुवटीवर लाल फोड. डोळे मात्र खरंच सुंदर होते, जड पापण्यांचे.

"नीरजाकाकूंचं पथ्य तू पाळतेस?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"हो."

"मग तुझ्या मते हे कशानं झालं?"

"टेन्शननं असेल." ती खाली रस्त्याकडे बघत राहिली. "काकू, ही चौकशी थांबवता नाही येणार?"

"तुझ्या नीरजाकाकूंवर आळ आलाय, बाळा."

मंदाकिनीबाई आत येऊन म्हणाल्या, "सगळे हॉलमध्ये बसू या."

सगळे बसले. त्यांनी तोंड उघडायच्या आत प्राचीच बोलली.

"मी बाहेर खात होते. वडापाव, आइस्क्रीम. सगळं माझंच चुकलं. नीरजाकाकूंचा काही दोष नाही. झालं समाधान?"

"खोटं!" शालन म्हणाली. "माझा लाडू परत करणारी पोर वडापाव खाईल? नीरजाला वाचवायला बोलतेय ती."

"शालनताईंचं बरोबर आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हे खोटं आहे. आणि ते चालू दिलं तर आळही तसाच राहील आणि लग्नापर्यंत प्राचीचा चेहराही तसाच राहील. म्हणून खरं सांगते. यात वाईट कुणीच वागलेलं नाही, हे आधी सगळ्यांनी ऐकून घ्या."

त्यांनी नीरजाचा फोन टेबलावर ठेवला.

"या घरात ताटाचं डावं-उजवं कधी चुकत नाही. पण नऊ तारखेपासूनच्या प्रत्येक फोटोत कोशिंबीर उजवीकडे आहे, भाजी डावीकडे आहे. ताट बरोबरच वाढलेलं होतं. फोटो समोरून काढलेला होता. जेवणारा एका बाजूला बसलाय आणि फोटो काढणारी त्याच्यासमोर. म्हणजे फोटो प्राचीचा, पण ताट प्राचीचं नव्हे."

"मग कुणाचं?" मधुकरराव म्हणाले.

"साडेआठला घरात दोघंच असतात. आणि त्या दोघांपैकी एकाची शुगर नऊ तारखेनंतर दर आठवड्याला उतरलीय. गोळी तीच, चालणं बंद. उतरली कशानं? ताटानं. ज्या दिवसापासून वडिलांची तब्येत सुधारायला लागली, त्याच दिवसापासून मुलीचा चेहरा बिघडायला लागला. ताटांची अदलाबदल झाली होती."

"पण मग प्राची काय खात होती?" नीरजानं विचारलं.

"दोरीवर चार पिशव्या आहेत. चहा कोरा, बंटीची पावडर पाण्यातून, प्राचीला दूध बंद. मग एवढं दूध जातं कुठे? महिपतराव, दूध आटवताना सतत ढवळावं लागतं. तेव्हा शालनताईंचा फोन घ्यायला वेळ नसतो. आणि मनगट भाजतं."

महिपतराव हळूच म्हणाले, "बासुंदी. कधी खीर. पण ते पथ्याचं ताट नीरजाताईंनीच मला वाढायला सांगितलंय ना? शुगरसाठी?"

नीरजानं प्राचीकडे पाहिलं. प्राचीनं ओंजळीत तोंड लपवलं.

"नऊ तारखेला आईचा वाढदिवस होता," ती म्हणाली. "मी ऑफिसातून आले तर बाबा गॅसपाशी उभे. आईची पदार्थांची वही उघडलेली. आठ महिन्यांनी पहिल्यांदा ते भिंतीपासून उठले होते, काकू. मला म्हणाले, तुझ्या आईनं तुझं केळवण केलं असतं, ते आता मी करतो, सासरी जाईपर्यंत रोज. मी नाही कसं म्हणणार? माझं ताट त्यांच्यापुढे ठेवलं, नीरजाकाकूंचं नाव सांगितलं आणि फोटो काढला. मला वाटलं एकच दिवस. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासूनच दुधाची वाट बघत होते."

"मला गोड चाखता येत नाही," महिपतराव म्हणाले. ते मुलीकडे बघत होते. "रोज विचारायचो, आईसारखी झाली का? तू हो म्हणायचीस."

"झाली नव्हती एकदाही. तळाला लागायची. पण मी सगळी खायचे."

महिपतराव उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "उगाच केलं मी," ते म्हणाले. "आता नाही करणार."

"बघा!" प्राची मंदाकिनीबाईंवर ओरडली. "एवढ्याचसाठी थांबवा म्हणत होते!"

मंदाकिनीबाईंनी टेबलावरचा फोन उचलून नीरजाला परत दिला.

नीरजा उठली. "भाऊ, वही आणा बघू."

जुनी, तेलकट वही आली. नीरजा पानं उलटू लागली. "वासंतीनं काय फक्त गोडाचंच लिहून ठेवलंय? हे बघा, वालाचं बिरडं. अळूचं फदफदं. कुळथाची पिठी. या वहीतलं अर्धं प्राचीला चालतं आणि तुम्हालाही. अठरा दिवस आहेत, अठरा पदार्थ करा. केळवण काय बासुंदीचंच असतं?"

"पण जमेल का?"

"हे तुम्हाला चाखून बघता येईल. आईसारखं झालं की नाही, तुमचं तुम्हालाच कळेल."

महिपतरावांनी वही हातात घेतली. बराच वेळ ते बिरड्याचं पान वाचत होते. मग म्हणाले, "वाल आजच भिजवायला हवेत. मोड यायला वेळ लागतो."

शालननं डोळे पुसले. "नीरजा, मी फार वाईट लिहिलं गं."

"शालन, फोन काढ," महिपतराव म्हणाले. "मी सांगतो ते त्याच ग्रुपवर घाल. माझ्या नावानं." ते थांबत थांबत बोलले. "प्राचीचा चेहरा तिच्या बापाच्या बासुंदीनं बिघडला. नीरजाताईंच्या पथ्यानं बापाची शुगर पन्नासनं उतरली. लग्नात मुलीचे डोळे नीरजाताईच करतील."

"भाऊजी, बासुंदीचं लिहायलाच हवं का? बायका हसतील."

"हसू देत."

शालननं तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं. लगेच ठाण्याच्या बाईंना फोन करून काम रद्द केलं.

"फोड जातील का तोपर्यंत?" बंटीनं विचारलं.

"बरेचसे जातील. उरलेले मी झाकेन," नीरजा म्हणाली. तिनं पर्समधून छोटी पेटी काढली आणि प्राचीला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. "वर बघ. आज फक्त डोळे करून बघू."

महिपतराव वही घेऊन जवळ येऊन उभे राहिले. मधुकररावांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, पण ते बसले नाहीत. नीरजानं पापणीच्या वर ब्रश फिरवला, बोटाच्या टोकानं रंग पसरवला आणि काजळाची पेन्सिल उचलली. बाहेरच्या कोपऱ्याशी ती टेकणार, तेवढ्यात प्राचीचे डोळे भरून आले.

"सॉरी, काकू. एक मिनिट. थांबेल आता."

"थांबवू नकोस," नीरजा म्हणाली. "आधी रडून घे. मग काजळ."

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि वाट बघत उभी राहिली.