शून्य बलांकाचं ठाणं

चिखलदऱ्याच्या धुक्याला वेळकाळ कळत नाही. भर दुपारी ते दरीतून वर आलं, निद्रालेख केंद्राच्या उघड्या खिडकीतून आत शिरलं आणि लोखंडी खाटेवर झोपलेल्या हवालदार प्रल्हाद ठोंबरेच्या पायाशी घुटमळत राहिलं. रात्रपाळीच्या माणसाला दुपारीच गाढ झोप लागते. कपाळाला निद्रापट्टी, तोंड जरासं उघडं, हात छातीवर. पडद्यासमोर बसलेली डॉक्टर विभावरी ही त्याची धाकटी बहीण. समोर चहा होता, बिस्किटांचा पुडाही होता, पण आज तिला घास गिळवत नव्हता. एरवी पडदा बघता बघता ती अख्खा पुडा संपवायची.

सोमवारी तिच्या भावाची सुनावणी होती, आणि ज्या यंत्राच्या साक्षीवर त्याची वर्दी उतरणार होती ते यंत्र तिनंच बनवलं होतं. आता बोला!

यंत्रामागची गोष्ट तशी साधी. दिवसा हातानं जे केलं ते मेंदू झोपेत गिरवून बघतो. शाळकरी पोर पाटीवर अक्षर गिरवतं ना, तसंच. दिवसा कुणावर काठी उगारली असेल, तर झोपेत मेंदूतला हात पुन्हा उठतो आणि पुन्हा खाली येतो. खरा हात जागचा हलत नाही. निद्रापट्टी नेमका हा न हललेला हात वाचते, पडद्यावर त्याचं सावलीचित्र उमटवते आणि त्यातला जोर मोजून एक आकडा काढते. त्या आकड्याला विभावरीनं नाव दिलं होतं, बलांक.

पोलिसांनी किती बळ वापरलं, हे मोजायला राज्यानं काय काय करून पाहिलं नव्हतं! छातीवरचे कॅमेरे ऐनवेळी बंद पडायचे. तक्रार करणारा आठवड्याभरात तक्रार मागे घ्यायचा. चौकशीत सगळं ठाणं एका सुरात बोलायचं. पण झोपेत खोटं बोलायला माणूस अजून शिकलेला नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी हुकूम निघाला, की शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी पट्टी बांधूनच झोपायचं. ज्यांचा बलांक सगळ्यात चढा, ते निलंबित. ज्या ठाण्यात कुणाचाच बलांक उमटत नाही, त्या ठाण्यावर पांढरा ध्वज. आणि खरंच, महिन्यामागून महिना राज्याचा सरासरी बलांक उतरत गेला. विभावरीचे सत्कार झाले, शाली इतक्या जमल्या की ठेवायला कपाट पुरेना.

आणि मग या महिन्यात राज्यातला सगळ्यात चढा बलांक आला. कोळसुंबा ठाणं, हवालदार प्रल्हाद ठोंबरे. गंमत अशी, की त्याच ठाण्यातल्या बाकी सगळ्यांचे बलांक शून्य होते. या एका माणसामुळे ठाण्याचा पांढरा ध्वज उतरला होता.

आईवडील गेल्यावर या प्रल्हाददादानंच तिला वाढवलं होतं. तिच्या वेण्या घातल्या, त्या कायम वाकड्याच आल्या. पगारातून तिला नागपूरला शिकायला ठेवलं. घरात निघालेला विंचूसुद्धा चिमट्यात धरून बाहेर सोडणारा माणूस! तो माणसांना झोडपतो, हे तिला खरं वाटेना. पण आकडा खोटा ठरवायचा, तर दोन वर्षांत घरी बसवलेल्या सगळ्यांचे आकडे खोटे ठरत होते.

सकाळी तिनं त्याला सरळच विचारलं होतं, "दादा, माझी शपथ घेऊन सांग. कुणाला मारलंस?"

"नाही."

"यंत्र तसं सांगत नाही."

प्रल्हादनं खाटेवरची निद्रापट्टी उचलून हातात घेतली. मग म्हणाला, "तुले लहानाचं मोठं म्या केलं, विभा. पण तुह्या मशिनीवर तुहा जास्त भरोसा दिसते. हरकत नाही. पाह्य मंग मशिनीतच." एवढं बोलून तो शहाण्या लेकरासारखा पट्टी बांधून आडवा झाला.

आता पडद्यावर सावली हलू लागली. राखाडी पोकळीत एक लालसर हात वर उठला, खाली आला. पुन्हा उठला. जोर एवढा, की आकडा थेट मोजपट्टीच्या टोकाला गेला. विभावरीनं डोळे मिटून घेतले. दादा, दादा, हे काय करून बसलास रे!

डोळे उघडले तेव्हा तिला सावलीच्या खालच्या कडेला काहीतरी थरथरताना दिसलं. तिथं निळसर ठिपके पळत होते. अशी बारीक थरथर यंत्राची गाळणी आपसूक पुसून टाकते, म्हणून रोजच्या लेखात ती कधी दिसायची नाही. तिनं गाळणी काढली. ठिपके ठळक झाले. ती बोटं होती, दोन्ही हातांची दहाही. लाल हात दणादण पडत होता आणि त्याच वेळी ही निळी बोटं एकामागून एक उचलत होती, टेकत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. त्यात एक लय होती. धुक्यात कुणीतरी लांब काहीतरी वाजवतंय आणि आवाज तेवढा पोचत नाही, असं तिला वाटून गेलं.

एकाच माणसाचा हात काठी धरून मारतोय आणि त्याच हाताची बोटं सुटी होऊन नाचतायत, हे कसं व्हावं?

प्रल्हाद जागा झाला तेव्हा तिनं गरम चहा त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "दादा, तू कधी पेटी, बासरी काही शिकलास का?"

"मी? माह्या आरतीतल्या टाळ्या बी चुकतात."

"मग झोपेत तुझी बोटं काय वाजवतात?"

प्रल्हादच्या हातातला कप थांबला. त्यानं तो खाली ठेवला. मग म्हणाला, "तो क्लॅरिनेट वाजवे. लग्नाच्या बँडात. वरातीतल्या भांडणात उचलून आणलं होतं त्याले. ठाणेदार मारत होते, अन् तो फरशीवर उपडा पडून बोटं चालवत होता. ओरडला नाही. नुसता वाजवत होता, फरशीवर. मले वाटते, त्यानं मनातल्या मनात पूर्ण गाणं वाजवलं असंन."

"आणि तू?"

"मी दारात उभा होतो. म्हटलं, साहेब, पुरे. साहेब म्हणे, बाहेर जा. मी गेलो नाही. पण आत बी गेलो नाही, विभा." त्यानं कपाळावरची पट्टी ओढून काढली. "काऊन गेलो नाही, हेच रोज झोपेत इचारतो स्वतःले."

विभावरी त्याच्यापाशी खाटेवर बसली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता. पण त्याच्या जागी दुसरा येऊन बसला, आणि तो जास्त जड होता.

बलांक योजनेचे प्रमुख, अपर महासंचालक नंदकिशोर जांभुळकर, सुनावणीसाठी आदल्या दिवशीच वर आले होते. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. पूर्वी संख्याशास्त्र शिकवलेला माणूस, भावनेनं हलणारा नव्हे.

"म्हणजे नुसतं बघणाऱ्याच्या मेंदूतही मारणाऱ्याचा हात उठतो?"

"हो सर. आणि मार खाणाऱ्याची बोटंही उमटतात. मारणारा समोरच्याची बोटं बघत बसत नाही. ती बघतो दारातला माणूस."

"मान्य. पण मग मारणाऱ्याचा लेख कुठे गेला? तुमचा ठाणेदार त्या दिवशी पट्टी बांधूनच झोपला होता ना?"

विभावरीनं ठाणेदाराचा लेख पुढे सरकवला. वारा पडलेल्या तळ्यासारखा सपाट. शून्य.

"पट्टी बिघडलेली असेल."

"नाही सर. आपलं गृहीतच बिघडलंय. मेंदू सगळंच गिरवत नाही, अजून न बसलेलं तेवढंच गिरवतो. सायकल शिकताना आपण आठवडाभर झोपेत पायडल मारतो. पुढे आयुष्यभर सायकल चालवली तरी स्वप्नात येत नाही. जे अंगवळणी पडलं, ते झोपेत उमटत नाही."

जांभुळकरांनी चष्मा काढला. "मग हे यंत्राच्या पहिल्या चाचणीत का नाही दिसलं? चाचणीला तर प्रत्येक ठाण्यातून माणूस आला होता."

"कोणता माणूस आला होता, सर?"

वरून हुकूम आला, की अमुक कामासाठी एक माणूस पाठवा, की ठाणं कुणाला पाठवतं? रक्तदान असो, साहेबांच्या मुलीचं लग्न असो, नाहीतर डोक्याला तारा लावायच्या असोत. सगळ्यात नव्या शिपायाला. जुने कशाला जातील? म्हणजे सगळी चाचणी झाली कोवळ्या शिपायांवर. त्यांचा प्रत्येक फटका नवा होता, म्हणून प्रत्येक फटका उमटला होता.

"मी ठाण्यात असतो, तर मीही नव्यालाच पाठवलं असतं," जांभुळकर हळूच म्हणाले. मग त्यांनी दोन वर्षांचा आलेख उघडला, दर महिन्याला खाली उतरत आलेला. त्यावर त्यांनी मुंबईत पेढे वाटले होते. "डॉक्टर, मग हे उतरलं काय? मार कमी झाला, की..."

"सवय वाढली, की मार कमी झाला, ते यावरून कळतच नाही सर. सगळ्यात सज्जन ठाण्याचाही आकडा शून्य आणि सगळ्यात निर्ढावलेल्याचाही शून्य. मधली माणसं तेवढी उमटतात. ज्यांना अजून सवय झाली नाही ती."

"आणि त्यांना आपण घरी बसवलं."

"हो. आपल्याकडे तेवढेच साक्षीदार होते."

व्हरांड्यात धुकं दाटून आलं होतं, समोरचा माणूससुद्धा पुसट दिसत होता. जांभुळकरांनी सुनावणी रद्द केल्याचं तिथेच कळवलं. निलंबित झालेल्या प्रत्येकाला आता आरोपी म्हणून नाही, साक्षीला बोलवायचं ठरलं, आणि पहिली साक्ष प्रल्हाद ठोंबरेची. उठताना ते म्हणाले, "माझा बलांक माहीत आहे तुम्हाला? तीस वर्षं नोकरी झाली. शून्य आहे. आज सकाळपर्यंत मला त्याचा अभिमान होता."

विभावरी केंद्रावर परतली. दादाची वर्दी वाचली होती. पण तिच्या मनात एक जुनी गोष्ट टोचत होती. यंत्र नवं होतं तेव्हा तिनं सहज म्हणून स्वतःच्या कपाळाला पट्टी बांधली होती. तो पूर्ण आठवडा तिनं चाचणीतली सावलीचित्रं बघण्यात घालवला होता, जेवण जात नव्हतं, उलट्या होत होत्या. तिच्या लेखात लालबुंद हात उमटला. तिनं तर आयुष्यात डासाशिवाय कशाला मारलं नव्हतं! पट्टी सदोष, असं म्हणून तिनं ती भंगारात टाकली होती. सगळं उत्तर त्या पट्टीत होतं आणि तिनंच ते फेकून दिलं होतं.

"दादा, आज तू पडद्याशी बस. मी झोपते."

"मले काय कळते त्यातलं?"

"लाल हात दिसला तर सांग. बस, एवढंच."

ती खाटेवर आडवी झाली. प्रल्हादनं लहानपणी घालायचा तसं पांघरूण घातलं, पायाकडून वाकडंच. तिला झोप लागली. झोपेत धुकंच धुकं होतं, पांढरं, मऊ, आणि तिला फार शांत वाटत होतं.

उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. प्रल्हादचा चेहरा फुलला होता. "विभा, काहीच आलं नाही गं! एकदम सपाट. शून्य! बरं झालं बाई, माह्यासारखं तुह्या नशिबी..."

बोलता बोलता तो थांबला. शून्याचा अर्थ तिनंच तर त्याला आल्या आल्या समजावून सांगितला होता.

विभावरी टेबलावरच्या बिस्किटांच्या पुड्याकडे बघत होती. दोन वर्षं, रोज, ती बिस्किटं खात असताना राज्यभरातले सगळ्यात जोराचे हात तिच्या डोळ्यांदेखत वर उठले होते आणि खाली आले होते. त्यातल्या प्रत्येक हाताखाली कुणीतरी होतं. त्या कुणासाठी तिच्या यंत्रात जागाच नव्हती. उलट ज्यांची बोटं उमटली असतील, ती पुसायला तिनं गाळणी बसवली होती.

"दादा," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला, "तो क्लॅरिनेटवाला. त्याचं नाव काय रे?"

सुनावणीच्या नोटिशीत, चौकशीत, आजवर कुणीही प्रल्हादला हे विचारलं नव्हतं.

"मारोती," तो म्हणाला. "मारोती डोंगरदिवे. कोळसुंब्यालेच राह्यते, बाजाराच्या मांगं. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत आता त्याची."

विभावरीनं कपाळावरची पट्टी सोडली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल. मला त्याच्याकडे घेऊन चल."