चित्रकारकाकांची गोल पृथ्वी

"एक, दोन, चार, पाच, सहा... अरे, तिसरा कुठे गेला?" चष्मिसने डबे पुन्हा मोजले.

"तुला मोजताच येत नाही!" टिंगू म्हणाला. मग त्याने स्वतः मोजले आणि त्याचाही चेहरा पडला.

सुट्टी लागल्यापासून ही दोघं आणि त्यांची ताई रोज आत्याबरोबर चित्रपटगृहात येत. आत्या तिथली यंत्रचालक. त्या काळी चित्रपट रिळांवर असायचा आणि एकेक रीळ पत्र्याच्या चपट्या, गोल डब्यातून यायचं. आज दुपारी बरोबर चार वाजता चाळीस देशांत एकच चित्रपट सुरू होणार होता. कुठे तेव्हा पहाट असेल, कुठे रात्र. पण हसायचं सगळ्यांनी एकाच वेळी आणि डोळे पुसायचे तेही एकाच वेळी! त्या यादीत आपलं एवढंसं गाव यावं म्हणून आत्याने दोन वर्षांत सात पत्रं पाठवली होती.

आणि आता तिसरं रीळच गायब!

"या पोरांनीच कुठेतरी लोळवला असेल डबा!" व्यवस्थापक गरजले. "खेळ रद्द! मी पाटी लावतो."

"मुळीच नाही," आत्या म्हणाली. "मी चारला सुरू करणार. पहिली दोन रिळं चाळीस मिनिटं चालतील. जग काही आपल्यासाठी थांबणार नाही. पोरांनो, शोधा!"

"सकाळी डबे कोणी घेतले?" ताईने विचारलं.

"मीच. पायरीवर ठेवले आणि चहाला गेलो. दहाच मिनिटं," व्यवस्थापक पुटपुटले.

"त्यांची दहा मिनिटं म्हणजे आपला एक तास!" टिंगू कुजबुजला.

खुर्च्यांखाली पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. आत चित्रपट सुरूही झाला! सव्वाचारला तिघं धापा टाकत पायरीवर आली. तिकीटखिडकीपाशी आजच्या खेळाचा नवा फलक होता. त्यावर निळीशार पृथ्वी.

चष्मिस थबकली. "ताई, ही पृथ्वी गोल आहे!"

"पृथ्वी गोलच असते, शहाणे!"

"चित्रकारकाकांची नसते!"

खरंच की! इथले फलक काकाच काढत. माणसं अशी रंगवत की आता बोलतील असं वाटावं. पण त्यांनी काढलेली गाडीची चाकं अंड्यासारखी आणि चंद्र बटाट्यासारखा! टिंगूने वितीने पृथ्वी मोजली. अगदी डब्याएवढी!

तिघं मागच्या गल्लीत काकांच्या खोलीकडे धावली.

"काका, आमच्या रिळाचा डबा पाहिलात?"

"मी कलावंत माणूस. मला रिळाशी काय करायचंय?"

"मग पृथ्वी इतकी गोल कशी आली?"

"हात!" काकांची मान ताठ झाली. "तीस वर्षांचा हात आहे हा!"

टिंगू फिसकन हसणार, तोच ताईने त्याचा पाय दाबला. "काका, असा गोल कोणालाच जमत नाही हो. या पुठ्ठ्यावर एक काढून द्या ना, शाळेत दाखवीन!"

काका खुलले. "एक काय, दोन काढतो! फक्त तिकडे तोंड करा. कोणी बघितलं की माझा हात अडतो."

तिघं वळली. मागे पत्रा खणकला.

"आता!" ताई ओरडली आणि तिघं गर्रकन फिरली. काका पुठ्ठ्यावर डबा दाबून कडेने पेन्सिल फिरवत होते. डब्यावर ठळक आकडा: तीन!

"मला वाटलं, कोणी टाकून दिलाय!" काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "पायरीवर बेवारशी पडला होता..."

"ते मागाहून सांगा! आधी पळा, तुमचे पाय लांब आहेत!"

डबा पोटाशी धरून काका पुढे, मुलं मागे! चार वाजून अडतीस मिनिटांनी डबा आत्याच्या हातात पडला. तिची बोटं सरसर चालली. रीळ दुसऱ्या यंत्रावर चढलं. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याच्या खुणेचा ठिपका चमकला आणि आत्याने खटका ओढून दुसरं यंत्र सुरू केलं.

खाली तीनशे माणसं बसली होती. एकाचीही मान वळली नाही. चित्रपट पुढे चालला होता.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यवस्थापक जिना चढून वर आले.

"चूक माझी आणि आळ घेतला तुमच्यावर. शाबास रे पोरांनो! गावाची लाज राखलीत!"

तेवढ्यात फोन वाजला. परदेशातले आयोजक प्रत्येक गावाची चौकशी करत होते.

"नाही, एक क्षणही थांबला नाही," आत्या म्हणाली. मग तिने तिघांकडे पाहिलं आणि तिचा आवाज चढला. "यंत्रचालक किती? लिहा, चार!"