पांढऱ्या चिमणीचा शिक्का

धाकटी म्हणजे साठी ओलांडलेली बाई, चष्म्याची, तिखट जिभेची. पण सगळं गाव तिला धाकटीच म्हणायचं, कारण एके काळी एक थोरलीही होती. वडिलांमागं रबरी शिक्क्यांचं दुकान धाकटीनंच चालवलं. त्या दुपारी ती एका दवाखान्याचा शिक्का कोरत बसली होती. दारात आधी एक नाक आलं, मागून पर्यटन समितीचे सेक्रेटरी आले. ते नाक त्यांच्या घराण्याचंच. वडिलांचंही हुबेहूब तसंच, पोपटाच्या चोचीसारखं.

"मोठी ऑर्डर आहे," ते खूश होऊन म्हणाले. "जुन्या गावात भुताटकीच्या जागा काय कमी आहेत? तिथं आम्ही शोधाशोधीचा खेळ लावतोय. प्रत्येक जागी एक डबा लपवायचा. डब्यात एक शिक्का आणि एक वही. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आणि आपला स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत. सगळे जमवेल त्याला बक्षीस."

"बरं आहे की," धाकटी म्हणाली. "भुतंसुद्धा कामाला लावलीत."

मुकी विहीर, बुडालेली पायरी, वेशीचा बुरूज, शिक्क्यांसाठी त्यांनी आणलेलं एकेक चित्र ती बाजूला ठेवत गेली. शेवटचं चित्र जुन्या सूतगिरणीचं होतं. केस मोकळे सोडलेली, दात विचकलेली बाई आणि तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा. खाली लिहिलं होतं, 'किल्लीवाली'.

धाकटीनं कोरणी खाली ठेवली.

"ही माझी सख्खी बहीण आहे."

सेक्रेटरी जरा चपापले. "अहो, आख्यायिका आहे ती. गिरणीला आग लागली, किल्लीवालीनं वरच्या मजल्याला कुलूप घातलं, आतली माणसं... लोक सांगतातच ना? मनाला कशाला लावून घेता? लोकांना जरा मजा."

"मग तुमच्या बहिणीचं चित्र काढा. मजाच मजा!"

"माझे वडील मॅनेजर होते तिथं. किल्ल्या तिच्याकडेच होत्या, असं ते आजही सांगतात."

"होत्या ना. आणि ती सापडली कुठं? दाराच्या आत. कडी कुठं आहे? दाराच्या बाहेर. आत उभं राहून बाहेरचं कुलूप कसं लावतात, ते वडिलांना विचारून या. मग हवं तर मी तिला शिंगंसुद्धा काढून देते."

सेक्रेटरींनी चित्र उचललं आणि तेवढा शिक्का दुसरीकडून करवून घेऊ म्हणत निघून गेले. धाकटीचा संताप संताप झाला. आई गेली ती हा डाग मनात घेऊन, वडीलही तसेच गेले. आता परगावची माणसं येणार आणि तो डाग वहीत उमटवून घरी नेणार. छे! तिनं चांगल्यातलं रबर काढलं आणि थोरली कोरली, जशी होती तशी. गालाला खळी, कमरेला किल्ल्या आणि पाठीमागं सताड उघडं दार. डब्यात जाईल तर हाच शिक्का जाईल.

खेळाच्या आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर ती गिरणीवर पोचली. रखवालदार ओळखीचा होता.

"लवकर उतरा हो बाई. दिवेलागणीला आम्हीसुद्धा फाटकाबाहेर बसतो."

"बहिणीकडे चाललेय, परक्याकडे नाही," असं म्हणत ती जिना चढली.

वरच्या मजल्यावर भिंती अजून काळ्याच होत्या. जळक्या सुताचा आणि वंगणाचा वास इतक्या वर्षांनीही गेला नव्हता. पायाखाली काचा कुरकुरत होत्या. ती थांबली तरी एकदा कुरकुरल्या, पण तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. डबा यंत्राच्या चौथऱ्यामागं ठेवला होता. तिनं त्यातली ती दात विचकलेली बाई काढून पिशवीत टाकली, आपला शिक्का ठेवला आणि सहज म्हणून वही उघडली. वही कोरी करकरीत असायला हवी होती, कारण खेळ अजून सुरूच झाला नव्हता.

पहिल्या पानावर एक शिक्का उमटला होता. काळा चौकोन, आणि मधे पांढरी चिमणी.

धाकटीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शिक्का कोरताना चित्र ठेवायचं असतं आणि आजूबाजूचं रबर काढायचं असतं. थोरलीनं लहानपणी पहिला शिक्का कोरला तो नेमका उलटा. चिमणीच कोरून काढली, बाकी सगळं ठेवलं. वडील हसून हसून खोकायला लागले. थोरली डावखुरी, त्यात हट्टी. म्हणाली, "माझी चिमणी अशीच." तो शिक्का तिनं जन्मभर किल्ल्यांच्या जुडग्याला बांधून ठेवला होता. तिच्याबरोबरच तो जळून गेला.

धाकटीनं पानावर बोट ठेवलं. शाई ओली होती.

तेवढ्यात मागं दार धाडकन लागलं. बाहेर कडी सरकली. कुलूप अडकल्याचा आवाज आला...

तिनं दार ढकललं, हाका मारल्या, मुठी आपटल्या. खाली कुणाला ऐकू गेलं नसावं. खिडकीतला उजेड बघता बघता विझला. आणि मग वास बदलला. तो जुना वास नव्हता. आत्ता, या घडीला काहीतरी जळत होतं. अंधारात कुणीतरी खोकलं. पलीकडे आणखी कुणीतरी... मग कितीतरी जण. आणि त्या खोकल्यांतून वाट काढत किल्ल्यांची किणकिण तिच्याकडे येऊ लागली.

तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिच्या मनात आलं... गाव खरं बोलत असेल तर?

एक क्षणच. पण त्या एका क्षणाची तिला इतकी लाज वाटली, की भीती मागं पडली आणि राग पुढं आला.

"ताई," ती अंधाराला म्हणाली. आवाज कापत होता, कापू दे. "घाबरवायचं असेल तर खुशाल घाबरव. पण ऐकून ठेव. बाहेर गेले तर चारचौघांत सांगेन, आणि इथं मेले तर तुझ्या शेजारी बसून सांगेन, माझ्या ताईनं कुलूप लावलं नाही!"

किणकिण तिच्या कोपराशी येऊन थांबली. दारावरच्या तिच्या हातावर एक हात आला. तव्यासारखा तापलेला, डावा हात. मग पाठीला हात लागले, खांद्याला लागले, कितीतरी. सगळ्यांनी मिळून एकच रेटा दिला.

दार उघडलं. कुलूप तसंच बंद होतं, पण कोयंडा लाकडासकट उपटून खाली पडला होता.

जिन्याखाली सेक्रेटरी नव्या कुलपाच्या किल्ल्या हातात घेऊन पांढरेफटक उभे होते. "मी... मला वाटलं, वर कुणी नाही."

"तेव्हाही कुणाला तरी असंच वाटलं असेल," धाकटी म्हणाली. "किंवा वाटलं नसेल. माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी खेळ झाला. धाकटी सकाळपासून गिरणीच्या त्या दाराशी ठाण मांडून बसली. येईल त्याला उपटलेला कोयंडा दाखवायची आणि म्हणायची, "कडी बाहेर, बाई आत. आता तुम्हीच सांगा." आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. प्रत्येकाच्या वहीत खळीवाली थोरली उमटली आणि तिच्या शेजारी पांढरी चिमणीसुद्धा. तो शिक्का डब्यात नव्हता, कुणी मारलाही नव्हता. समितीनं पत्रकातून 'किल्लीवाली' गुपचूप काढून टाकली.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं.

पण त्यानंतर एका सकाळी धाकटीनं दुकान उघडलं, तर टेबलावर रबराचा एक नवा तुकडा अर्धवट कोरलेला होता. कोरलेला चुरा सगळा डाव्या बाजूला पडला होता. चित्र उलट्या पद्धतीनं कोरलेलं, पांढरं दार आणि दाराबाहेर कडीला हात घातलेला एक पांढरा माणूस. चेहऱ्याची जागा तेवढी कोरी होती. रोज थोडंथोडं कोरलं जातंय. आधी हनुवटी झाली. मग नाक झालं, पोपटाच्या चोचीसारखं.

धाकटीनं हे एका शब्दानं कुणाला सांगितलेलं नाही. तरी काल सेक्रेटरी आले, खाली मान घालून. म्हातारे मॅनेजर झोपत नाहीत, गिरणीकडची खिडकी उघडू देत नाहीत, आणि एकच निरोप द्यायला लावतात. अर्थ काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"वडील म्हणतात... त्यांना म्हणावं, डोळे तेवढे कोरू नका."

धाकटीनं निरोप ऐकून घेतला. संध्याकाळी कोरणीला धार लावली, रोजच्यासारखी टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली आणि दार ओढून घेतलं. कुलूप मात्र लावलं नाही.