बायंडरचा मुखत्यार

"बाबांच्या मुखत्याराने आमचं घर विकलं. सकाळी घर गेलं आणि दुपारी बाबा," बायंडरची मुलगी म्हणाली. नोकरीसाठी परगावी राहणारी ही मुलगी कित्येक रात्री धड झोपली नसावी. "खाली दुकान, वर दोन खोल्या. एवढंच आहे हो आमचं. महिनाअखेर बाहेर पडायचंय."

मुखत्यार म्हणजे तिचा चुलतभाऊ. बाबांचे गुडघे धरल्यापासून बँकेची, बिलांची कामं तोच करायचा. सोय म्हणून बाबांनी त्याला सगळ्याच व्यवहारांचं मुखत्यारपत्र करून दिलं होतं.

वहिनींनी चष्मा पुसला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. सख्खा दीर मात्र एकच, मदतीला असलेले भाऊजी, आणि ते एव्हाना खुनापर्यंत पोचलेही होते.

"विष," भाऊजी कुजबुजले.

"आधी दुकान बघू या, भाऊजी. विष कुठे पळून जात नाही."

दुकानात कागदाचा आणि खळीचा वास कोंडला होता. मधोमध लोखंडी दाबयंत्र.

"खळ लावली की पुस्तकं यात रात्रभर आवळून ठेवायची, नाहीतर पुठ्ठे वाकतात," मुलगी म्हणाली. "सकाळी उठले की बाबा तोंडही न धुता आधी दाब सोडायचे. आई होती तेव्हा जाम वैतागायची."

मुखत्यार पुतण्या आला. भांग चोपून पाडलेला, बोलणं गोड.

"काकांनीच विकायला सांगितलं, वहिनी. त्या सकाळी माझ्यादेखत त्यांनी खळ लावली, पुस्तकं दाबात घातली. मग मी नोंदणीला गेलो. परत येतो तर काका गेलेले. लगेच डॉक्टरांना बोलावलं."

डॉक्टर घाईत होते. "थकलेलं हृदय, बंद पडलं. संशयाला जागाच नव्हती. वेळ पुतण्याने सांगितली तीच लिहिली. अंग गार लागलं, पण थंडी केवढी होती."

भाऊजींचा चेहरा पडला. विष हातचं गेलं.

वाचनालयाच्या बाईंनी पुस्तकं बांधायला दिली होती. "दुपारी न्यायला गेले तर हे असं. मला रडूच फुटलं. पुतण्याने दाब सोडून पुस्तकं हातात दिली. संध्याकाळी वाचकांना देऊनसुद्धा टाकली. काय हात होता हो त्यांचा! पुठ्ठे कसे खडखडीत वाळलेले, सरळ."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मुलीला आणि पुतण्याला दुकानात बसवलं.

"सकाळी खळ लावली असती, तर दुपारी पुस्तकं ओली असती. ती वाळलेली होती. म्हणजे आदल्या रात्रीच दाबात गेली."

"म्हणजे हा खोटं बोलला, एवढंच ना?" भाऊजी म्हणाले.

"एवढंच नाही. बायंडर सकाळी उठले असते, तर आधी दाब सोडला असता. तो दुपारपर्यंत तसाच होता. ते उठलेच नाहीत, भाऊजी. रात्री झोपेतच गेले. अंग गार होतं ते थंडीने नव्हे. त्यांना कुणी मारलं नाही."

"मग लपवायचं कशाला?"

"मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला, की ते पत्रही संपतं. याने काकांच्या नकळत गिऱ्हाईक गाठलं, नोंदणीची वेळ घेतली. सकाळी येऊन बघतो तर काका गेलेले. कुणाला सांगावं तर सौदा बोंबलतो. मग दार लोटून घेतलं आणि गेला सही ठोकायला. पुस्तकं दिली, तीही काका काम करत होते असं दाखवायला. खळ वाळायला किती वेळ लागतो, ते याने कधी बघितलंच नव्हतं." वहिनी मुलीकडे वळल्या. "ही विक्री कोर्टात टिकायची नाही. घर तुझंच."

पुतण्याने मुलीकडे बघितलं.

"काका गेलेच होते, ताई," तो म्हणाला. "थोडं उशिरा कळवलं, तर काय बिघडलं?"

घर वाचलं होतं, पण मुलीचं तिकडे लक्षच नव्हतं.

"घराचं राहू दे," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ कुणीतरी बसायचं होतं रे."